बहिणीची सही आणि कोर्टातली ‘तडजोड’

वाटणीच्या दाव्यात बहिणीचा हिस्सा कसा जातो, हे तालुक्याच्या कोर्टात वावरणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. ते बहिणीपर्यंत वेळेत पोचत नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

एक भाऊ दुसऱ्या भावावर, आईवर आणि बहिणींवर वाटणीचा दावा लावतो. भांडण नसतंच. बहिणीला फोन जातो, “ताई, सातबाऱ्याचं काम आहे, एक दिवस येऊन सही करून जा.” तिच्या बाजूचा वकीलही भावानेच ठरवलेला असतो. पुढ्यात येणाऱ्या कागदांत वर वकीलपत्र, खाली तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात द्यायचा कागद. पुरसिशीत मध्येच कुठेतरी बहिणीबद्दल एक वाक्य असतं: ‘प्रतिवादी क्र. ३ यांना लग्नात सर्व काही दिले असून दावा मिळकतीत हिस्सा नको आहे.’ सही मात्र शेवटच्या पानावर घेतात, तिथे नावांपलीकडे फारसं काही नसतं. न्यायाधीश विचारतात, “तडजोड समजली का? मान्य आहे का?” ती भावाकडे बघते आणि “हो” म्हणते. त्यावर हुकूमनामा (कोर्टाचा लेखी निकाल) होतो.

हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त) करायचं तर दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा लागतो, बाई सावध होते. कोर्टातली तडजोड तिला नुसती हजेरी वाटते.

लग्नातला खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेली वाटणी मात्र कायम राहते.

तडजोडीचा हुकूमनामा मोडणं अवघड असतं. त्याविरुद्ध नवा दावा चालत नाही (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २३ नियम ३अ). ज्या कोर्टाने हुकूम दिला, तिथेच फसवणुकीचा अर्ज द्यावा लागतो. तडजोड लोकअदालतीत झाली असेल तर अपीलही नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. तो खर्च किती बायकांना झेपतो?

म्हणून सही करण्याआधी पुरसिस घरी न्या आणि आपल्या माणसाकडून वाचून घ्या. देत नसतील तर सही नको. वकील स्वतः निवडा. न्यायाधीशांनी विचारल्यावर “मला हे वाचून दाखवलेलं नाही” एवढं बोललात तरी काम तिथेच थांबतं.

आपल्या नावावर दावा आहे का, हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघता येतं. जिल्हा, कोर्ट आणि वर्ष निवडून पक्षकाराचं नाव टाका. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावांनी शोधा, कारण दाव्यात कुठलं टाकलंय ते सांगता येत नाही. गावातले चालू फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल) ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात.

हुकूम होऊन गेला असेल तर नक्कल अर्ज करून पुरसिस, रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद) आणि हुकूमनाम्याच्या नकला लगेच काढा. त्यानंतर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलेला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.