गजकर्णावरचे ‘चार औषधांचे’ मलम : पाच आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

ज्या मलमाविषयी लिहीत आहे त्याचे नाव देत नाही, कारण याच घटकांची मलमे निरनिराळ्या नावांनी मुंबईत सर्रास विकली जातात आणि माझा आक्षेप नावाला नसून ट्यूबच्या आत जे भरले आहे त्याला आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत चार औषधे छापलेली आहेत : क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन. वजन १५ ग्रॅम. कडेला लाल उभी रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना. लालबागला आमच्या चाळीजवळच्या औषधवाल्याने मात्र चिठ्ठी मागितली नाही. जांघेत खाज सुटते एवढे मी हलक्या आवाजात म्हणताच त्याने मागे न पाहता फळीवर हात नेला आणि ट्यूब समोर ठेवली.

पहिल्या दोन दिवसांवरून गुण द्यायचे तर पाचपैकी पाच तारे द्यावे लागतील. भर जुलैत, लोकलच्या गर्दीत घामाने आणि पावसाने ओली झालेली पँट दिवसभर अंगावर असूनही खाज थांबली, लाली उतरली, रात्री झोप लागली. मी मलम बंद केले. आठवडा उलटायच्या आत चट्टा परतला, तोही आधीपेक्षा रुंद होऊन. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. अशा तीन ट्यूब संपल्या तेव्हा गजकर्ण कमरेच्या पट्ट्यापर्यंत चढले होते आणि त्याची ओळखीची गोल, उठावदार कड पुसट होऊन नुसता तांबूस डाग पसरला होता.

पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात गेलो, तेव्हा तेथील डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कोणती ट्यूब लावत होता? मग बोथट पात्याने डागाच्या कडेची थोडी खपली काचपट्टीवर खरवडून घेतली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला आणि काही वेळाने मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. त्वचेच्या पेशी विरघळून पुसट झाल्या होत्या आणि त्यांच्यामधून काचेच्या दोऱ्यासारखे, फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू आडवेतिडवे गेलेले स्पष्ट दिसत होते. पाच आठवडे मी ज्यावर मलम चोळत होतो ते हेच.

ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील केरॅटिन हे प्रथिन खाऊन जगते आणि बाहेरच्या दिशेने सरकत जाते, म्हणून चट्टा कड्यासारखा दिसतो. खाज आणि लाली ही शरीराने तिच्याविरुद्ध केलेली ओरड असते. क्लोबेटासॉल हे अत्यंत तीव्र स्टिरॉइड ती ओरड बंद करते, बुरशी नव्हे. उलट त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे तिला पसरायला मोकळे रान मिळते. ऑफ्लॉक्सासिन हे जिवाणूंवरचे औषध, त्याचा बुरशीवर काहीही परिणाम नाही. ऑर्निडाझोलची गोष्टही तीच. चौघांत बुरशीवर कामाचे एकटे टर्बिनाफिन, आणि त्यालाही दाद न देणारी बुरशी आता आपल्याकडे फैलावली आहे. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे तिचे स्वतंत्र नामकरण २०२० साली झाले, नावात भारत आहेच, आणि २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्येही आढळल्याचे जाहीर झाले.

या मलमाचा खरा तोटा मात्र माझ्या एकट्याच्या अंगावर थांबला नाही. खाज नाही म्हणजे रोग नाही, अशा समजुतीने घरात काहीही वेगळे ठेवले नव्हते. दहा बाय बारांच्या खोलीत चौघे जण, पावसाळ्यात दोरीवर पंख्याखाली दोन दिवस दमट राहणारे कपडे आणि आंघोळीनंतर मी व मुलगा वापरत असलेला एकच पंचा. गळून पडलेल्या खपल्यांतील बीजाणू कापडात महिनोन्‌महिने तग धरतात. मुलाच्या काखेत कडे उठले ते त्यामुळेच.

शेजारच्या काकूंची हकिकतही येथे सांगितली पाहिजे. त्यांच्या बरगडीवर एका बाजूला पुरळ उठले, तेव्हा माझ्याच ट्यूबमधले मलम त्या मागून घेऊन गेल्या. ती निघाली नागीण. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत वर्षानुवर्षे दबून राहतो आणि पुढे कधीतरी त्याच मज्जातंतूच्या रेषेत डोके वर काढतो. त्यावरील गोळ्या शक्यतो पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. काकूंचे तीन दिवस मलमातच गेले. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस जातो, या भीतीने त्या रोज आरशात पुरळाचे टोक पाहत, पण फोडांतील पाण्याने कांजिण्या न झालेल्या नातवाला त्या होऊ शकतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

माझे मलम बंद झाले. पहिले काही दिवस खाज दुपटीने उसळली, आणि ती उसळणार हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. हृदयाचा काही त्रास नाही ना, हे विचारून त्यांनी जेवणानंतर घ्यायच्या इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या, सोबत केवळ बुरशीवरचे साधे मलम. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचे. मुलालाही तपासून औषध दिले. पंचे वेगळे झाले, कपडे गरम पाण्यात धुऊन इस्त्री करू लागलो.

गणपतीपर्यंत दोघेही बरे झालो. माझ्या जांघेत त्वचा पातळ होऊन पडलेल्या चार जांभळट रेघा तेवढ्या उरल्या आहेत. त्या फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, असे डॉक्टर म्हणाल्या. तारा एकही देत नाही. चौथी ट्यूब अर्धी भरलेली घरात होती, ती काकूंनी पुन्हा मागू नये म्हणून कात्रीने कापून टाकून दिली.