सहा देश, एक पेटी: क्रायटेरियनचा 'वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट' संच क्र. 1

अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने नव्याने दुरुस्त केलेले सहा चित्रपट क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने 2013 मध्ये एका पेटीत आणले. सेनेगलचा 'तुकी बुकी', मोरोक्कोचा 'ट्रान्सेस', मेक्सिकोचा 'रेदेस', तुर्कस्तानचा 'ड्राय समर', दक्षिण कोरियाचा 'द हाउसमेड' आणि ऋत्विक घटकांनी बांगलादेशात जाऊन केलेला 'तिताश एकटि नदीर नाम'. 3 ब्लू-रे, 6 डीव्हीडी. दोन्हींवर तेच चित्रपट, एकूण सुमारे दहा तासांचे.

जागतिकीकरणावरचा सिनेमा म्हटलं की परदेशी गेलेल्या माणसाची गोष्ट आठवते. या संचाचं मोल असं की यातला कॅमेरा किनाऱ्यावर राहिलेल्यांजवळ थांबतो. जिब्रिल दियोप माम्बेतींच्या 'तुकी बुकी'मध्ये (1973) मोरी आणि आंता डाकारहून पॅरिसला पळायचा बेत करतात. मोरीच्या मोटारसायकलवर बैलाची शिंगांसकट कवटी आहे, आणि गायिका जोसेफिन बेकरचं पॅरिसचं गाणं पुन्हा पुन्हा वाजतं, इतकं की त्यातलं आमंत्रण हळूहळू खोटं वाटू लागतं. सुरुवात याच चित्रपटाने करा. मात्र कत्तलखान्याची दृश्यं खरी आहेत, लहान मुलांसमोर लावू नका.

'ट्रान्सेस' (1981) हा नास एल गिवान या मोरोक्कन संगीतगटावरचा माहितीपट. त्यांच्याकडचा बँजो नीट ऐका. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या तंतुवाद्यांवरून अमेरिकेत घडवलेलं हे वाद्य इथे आफ्रिकेत परतून मोरोक्कोतल्या ग्नावा संगीतपरंपरेच्या तालांशेजारी बसलंय. संस्कृतींच्या देवघेवीवर इतकं नेमकं भाष्य मोठ्या बजेटच्या चित्रपटांतही क्वचित सापडतं, आणि इथे ते कुणी बोलूनही दाखवत नाही. टीव्हीच्या स्पीकरवर खर्ज हरवतो, हेडफोन लावा.

'रेदेस' (1936) जेमतेम तासाभराचा. कोळ्यांच्या संपाची ही मेक्सिकन गोष्ट अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने टिपली, आणि दोन दिग्दर्शकांपैकी फ्रेड झिनेमन व्हिएन्नात वाढलेला. कोळ्यांच्या चेहऱ्यांवरचा उजेड अप्रतिम, गोष्ट जरा भाषणबाज.

'तिताश'साठी (1973) मात्र सवड काढा. 158 मिनिटांचा आहे, दोन बैठकांत पाहिला तरी चालेल. त्याच्या निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होत्या, पण अपुऱ्या, आणि काही रिळं बरीच खराब झालेली. ती उणीव जर्मनीच्या सरकारी संग्रहातल्या प्रतीवरून भरून काढली गेली. म्हणून काही ठिकाणी चित्राचा पोत बदललेला दिसला तर तो तबकडीचा दोष समजू नका. 'द हाउसमेड'चंही (1960) तसंच. मूळ निगेटिव्हमधली 5 आणि 8 क्रमांकाची रिळं गहाळ होती. ती ज्या जुन्या प्रतीतून घेतली तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी उपशीर्षकं होती; ती डिजिटल पद्धतीने पुसावी लागली. तेवढा भाग मऊ, धूसर दिसतो.

पुरवणी साहित्य तोकडं आहे. प्रत्येक चित्रपटाला स्कॉर्सेसींचं छोटं प्रास्ताविक आणि एखादी मुलाखत किंवा विश्लेषण, शिवाय लेखांची पुस्तिका. 'तिताश'वर घटकांचे पुण्यातले विद्यार्थी कुमार शहानी बोलतात, ते जरूर ऐका. पण तिताश नदीकाठचा मालो कोळी समाज, फाळणी, नुकताच स्वतंत्र झालेला बांगलादेश, हे सगळं नवख्या प्रेक्षकाला समजायला तेवढं पुरत नाही. उपशीर्षकं फक्त इंग्रजीत.

आता खरेदीबद्दल, कारण पैसे वाया जातात ते इथेच. या तबकड्या ठरावीक भूभागातल्या, म्हणजे 'रीजन'मधल्या, प्लेअरवरच चालतात. ब्लू-रे रीजन ए च्या आहेत आणि भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत. डीव्हीडीचीही तीच अडचण: अमेरिका रीजन 1, भारत 5. 'मल्टी-रीजन' प्लेअर घेताना ती सोय ब्लू-रेसाठीही आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा, कारण बरेच प्लेअर फक्त डीव्हीडीपुरतेच मल्टी-रीजन असतात. संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा रीजन 5 वेळाच बदलता येतो, मग कायमचा अडकतो. अमेरिकेतल्या मराठी घरांना ही अडचण नाही. ब्रिटनमध्ये रीजन बी असल्याने तिथे आहे. मागवताना कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च आधी धरा. त्यानंतरही परवडत असेल तर निःशंक घ्या, आणि आवडला तर 2017 चा दुसरा संच लगेच बघा: त्यातला लिनो ब्रोकांचा 'इन्सियांग' आणि 'ताइपेई स्टोरी' हे दोन चित्रपट शहर माणसाला कसं बदलतं ते याहूनही धारदारपणे दाखवतात.