पॉइंट आठ मिलीमीटर : एक्झॉस्ट होज बदलल्यानंतरचे नऊ महिने

गेल्या रविवारी आमच्या बोटीच्या इंजिनाचं झाकण उघडलं आणि एल्बोच्या (इंजिनाचा धूर बाहेर पडतो त्या वाकड्या नळाच्या) खाली पांढरा ओघळ दिसला. मिठाचा. त्याच्या कडेने काजळीची बारीक काळी रेघ. म्हणजे पाणीही गळतंय आणि धूरही निसटतोय. हा एक्झॉस्ट होज, म्हणजे धूर बाहेर नेणारा रबरी पाइप, बसवताना माझे दोन दिवस आणि बोटांची सालं गेली होती, त्याला जेमतेम नऊ महिने झालेत. चिडचिड अजून ताजी आहे तोवर लिहून टाकतो.

मांडणी सगळ्यांकडे असते तीच. तीन सिलिंडरचं डिझेल, एल्बोत समुद्राचं पाणी धुरात मिसळतं, तिथून होज खाली वॉटरलॉकला (हे पाणी साठवून ते इंजिनात उलटं जाऊ न देणारी पेटी), वॉटरलॉकमधून वर उंच वळण घेऊन पिछाडीतून बाहेर. मी बदलला तो फक्त पहिला तुकडा, एल्बो ते वॉटरलॉक. लांबी ६० सेंटीमीटर. ‘एवढ्याशा पाइपाला दोन दिवस?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आमच्या इंजिनाच्या कप्प्यात एकदा हात घालून बघायला सांगतो. एकच हात. दुसरा जातच नाही.

जुना होज बाहेरून ठणठणीत होता, हेही सांगायला हवं. बदलायचं कारण वेगळंच निघालं. इंजिन पूर्ण थ्रॉटलला आरपीएम घेईना, मागून काळा धूर. मी प्रोपेलर खरवडला, हवेचा फिल्टर पाहिला, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. फरक शून्य. शेवटी होज काढला आणि आत टॉर्च मारला तर आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबत होता. धुराचा जोर वाढला की तो पडदा वाट अडवायचा. दोन फिल्टर फुकट बदलले याचं दुःख मला होजच्या किमतीपेक्षा जास्त झालं. धूर काळा येत असेल तर आधी होजच्या आत बघा, मग फिल्टरला हात लावा.

काढण्यात फारसं काही नाही. वॉटरलॉक आधी रिकामा करा. मी विसरलो आणि तीन-चार लिटर काळं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गेलं. क्लॅम्प काढून होज पिळून पाहिला, हलला नाही, मग उभा चिरला. रबर सुरीने कापलं जातं, आतली तार कापायला कटर लागतं. सुरी जपून चालवा, कारण वॉटरलॉकचं तोंड फायबरग्लासचं असतं आणि त्यावर उभी चीर पडली की गळतीला कायमची वाट मिळते.

आता नवा होज. एसएई जे२००६ (बोटीच्या एक्झॉस्ट होजचं मानक) छापलेला, तारेची गुंडाळी असलेला कडक प्रकार, म्हणजे आर२. त्या मानकात पाणी बंद पडलं तरी होजने दोन मिनिटं तग धरायचा, अशी चाचणी आहे. बागेचा किंवा बिल्ज पंपाचा पाइप लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की कोरडा धूर ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) उघडायला विसरणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. आम्ही ती केलेली आहे.

तर गुणवत्तेबद्दल तक्रार नाही. तक्रार मापाची. होजवर छापलंय ५०. एल्बोचं तोंड मेट्रिक, ५० मिमी. वॉटरलॉकचं तोंड दोन इंची, म्हणजे ५०.८. विक्रेत्याला मी दोन्ही मापं सांगून होज घेतला होता. त्याचं उत्तर मला शब्दशः पाठ आहे.

“साहेब, पन्नास म्हणजेच दोन इंच.”

“दोन इंच म्हणजे ५०.८.”

“रबर आहे हो, ताणतं.”

रबर ताणतं. तार ताणत नाही. हे वाक्य मला तिथे सुचलं असतं तर ही कहाणी इथेच संपली असती. ते सुचलं बसवायला घेतल्यावर, होज एक सेंटीमीटर चढून अडकल्यावर.

पहिला दिवस असा गेला. साबणाचं पाणी लावलं आणि ढकललं, एक सेंटीमीटर. थर्मासमधलं गरम पाणी भांड्यात घेऊन टोक दहा मिनिटं बुडवलं, मग ढकललं, दीड सेंटीमीटर. गरम असतानाच पिळत पिळत बसवायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण पिळायला कोपर फिरवावं लागतं आणि तिथे कोपराला जागा नाही. मित्र वरून ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत होता. त्याला तिथून काहीच दिसत नव्हतं. हीट गनचाही विचार केला, पण डिझेलच्या वासाने भरलेल्या कप्प्यात ती चालवायला मन धजेना. ग्रीस लावू म्हणाला तो, त्याला मी नाही म्हटलं. खनिज तेलाने कित्येक प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय साबण वाळून जातो, ग्रीस तिथेच बुळबुळीत राहतं. अंधार पडेपर्यंत होज होता तिथेच, दीड सेंटीमीटरवर. तो काढायलाही तेवढाच वेळ लागला.

विक्रेत्याला फोन केला. कापलेला होज परत घेत नाहीत. बरं, बदलून द्या. कापलेला होज बदलूनही देत नाहीत. त्याच्याकडे ५१ चा होता का? होता. मग तो का दिला नाही? ‘तुम्ही मागितला नाहीत.’ यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. नवीन तुकडा विकत घेण्याचा पर्याय होता, पण पैसे एकदा मोजलेत तर हाच होज बसेल, या हट्टाला मी पेटलो. आमच्याकडे याला तत्त्व म्हणतात. बायको त्याला दुसरं काहीतरी म्हणते.

दुसऱ्या दिवशी व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलो. विक्रेत्याला फोटो पाठवायचा होता, ५०.८ स्पष्ट दिसणारा. वॉटरलॉकच्या तोंडावर कॅलिपर लावला तर आकडा आला ५१.३. फिरवून लावला, ५०.८. पुन्हा मूळ जागी, ५१.३. हाताचं बोट फिरवून पाहिलं तेव्हा कळलं की फायबरग्लासवर जेलकोटचा (वरच्या गुळगुळीत थराचा) एक ओघळ वाळून बसला होता. बोट बांधली तेव्हापासूनचा असणार. म्हणजे माझ्या दीड दिवसाच्या शिव्यांपैकी पॉइंट पाच मिलीमीटर इतका वाटा त्या ओघळाचा होता. फोटो पाठवला नाही.

बारीक सँडपेपरने तो ओघळ घासला, होजच्या आतली कड सुरीने किंचित तिरपी केली. आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं : वॉटरलॉकचे पट्टे सोडून तो अख्खा बाहेर काढला. कॉकपिटच्या फळीवर ठेवला, टोक गरम पाण्यात बुडवलं, साबण चोपडला आणि होज उभा धरून त्यावर अंगाचा भार टाकला. पिळत पिळत चार मिनिटांत पूर्ण चढला. चार मिनिटं! पट्ट्यांचे चार स्क्रू सोडायचा कंटाळा केला म्हणून आदला दिवस गेला होता. मग होजसकट वॉटरलॉक आत सरकवला, मागे सात सेंटीमीटर जागा होती ती वापरली आणि मोकळं टोक एल्बोवर घातलं. ते टोक गेलं म्हणजे काय गेलं! लोण्यात सुरी जावी तसं. मी मित्राला म्हटलं, बघ, याला म्हणतात माप.

हे वाक्य लक्षात ठेवा.

कापलेल्या टोकातून तार बाहेर डोकावते. तिचं टोक कटरने आत खुडून घ्या आणि कापलेल्या कडेला सीलंटचं बोट फिरवा. नाहीतर खारं पाणी तारेवाटे आत शिरतं आणि होज आतून गंजत जातो. मी वॉटरलॉकच्या टोकाला हे नीट केलं, बाहेर उजेडात बसलो होतो म्हणून. एल्बोच्या टोकाला केलं असं मला आठवतंय. नक्की नाही.

क्लॅम्पबद्दल : प्रत्येक टोकाला दोन, स्क्रूची डोकी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. दोन नवे घेतले, ३१६ स्टेनलेस, पट्ट्याला आरपार खाचा नसलेले. ते वॉटरलॉकला लावले, कारण त्या टोकावर माझा विश्वास नव्हता. एल्बोला जुनेच दोन लावले. चांगले दिसत होते. चार क्लॅम्प कशाला, टोक तर इतकं छान बसलंय.

पहिले सहा महिने मी या होजची तारीफच केली असती. आरपीएम पूर्ण मिळाले, धूर साफ झाला, डिझेल थोडं कमी लागतंय असंही वाटलं (मोजलेलं नाही, वाटलं). वळणावर होज चेपला नाही. वास नाही. आवाजात मात्र फरक नाही, कोणी तसं सांगून विकत असेल तर ऐकू नका. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी चार तारे दिले असते आणि कापलेला एक तारा त्या पॉइंट आठचा असता. तो राग काही केल्या जात नव्हता. वॉटरलॉकच्या टोकाकडे मी दर वेळी टॉर्च मारून बघायचो, कधी गळतंय आणि कधी त्या माणसाला फोन करतोय. नऊ महिन्यांत तिथे एक थेंब नाही.

एल्बोकडे मी एकदाही पाहिलं नाही.

आता गेल्या रविवारचं. क्लॅम्प सोडायला गेलो तर एक सोडावाच लागला नाही. पट्टा स्क्रूच्या डबीखाली, खाचेतच, तडकलेला होता. नुसता अडकून बसला होता. दुसऱ्याच्या स्क्रूला लोहचुंबक लावला, टचकन चिकटला. म्हणजे पट्टा स्टेनलेस, स्क्रू साधा, आणि तो गंजून जागीच जाम. बसवताना हा चुंबक माझ्या हत्यारांच्या पेटीत होताच. शिवाय सुरुवातीचे काही तास इंजिन चालल्यावर रबर दबतं आणि क्लॅम्प पुन्हा आवळावे लागतात. मी आवळले होते. वॉटरलॉकचे.

होज ओढला तर हातात आला. पिळावंही लागलं नाही. कोरी, नवी कड, आत तारेच्या टोकाला तांबूस डाग. सीलंट नाही. आठवण चुकीची होती.

खापर कुणावर फोडायचं याचा हिशेब करत बसलो थोडा वेळ. एल्बो इंजिनावर बसलेला, म्हणजे सगळा हादरा आणि सगळी उष्णता त्याच टोकाला. तिथे सैल माप आणि मेलेले क्लॅम्प. वॉटरलॉक पट्ट्यांनी बांधलेला, शांत, आणि तिथे मात्र मी नवे क्लॅम्प लावून बसलो होतो. विक्रेत्याने ५१ दिला असता तर एल्बोला तो पूर्ण एक मिलीमीटर सैल झाला असता. हे त्याने विचारपूर्वक केलं असेल असं मी अजूनही मानत नाही. पण फोन करायला आता तोंड राहिलेलं नाही.

पुढच्या रविवारपर्यंत थांबलो नाही. केबिनमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला नव्हता, तरी धूर आत सुटतोय हे कळल्यावर त्या बोटीत झोपणं शहाणपणाचं नाही. होजचं टोक दोन सेंटीमीटर कापून ताजी कड काढली. वॉटरलॉक दोन सेंटीमीटर पुढे सरकवला, पट्ट्यांना तेवढी जागा होती. यावेळी आधी सीलंट लावला आणि मगच होज चढवला. दोन नवे क्लॅम्प. अर्धा तास इंजिन चालवून खाली कोरडा टिश्यू फिरवला. पांढराच राहिला. पाच तास चालल्यावर पुन्हा आवळले, अर्धा फेरा सहज गेला.

तारे? होजला साडेचार. अर्धा कापला तो छापलेल्या आकड्यासाठी. ५० च्या पुढे आतलं खरं माप दशांशात छापायला किती शाई लागते?

आता वॉटरलॉकपासून पिछाडीपर्यंतचा लांब तुकडा उरलाय. तो अजून मूळचाच आहे, बाहेरून ठणठणीत. काल त्याची दोन्ही तोंडं मोजली. एक ५०.८. दुसरं लॉकरच्या मागे आहे, तिथे कॅलिपर पोचत नाही.