वॉटर स्कीइंगचे हातमोजे : एका हंगामाच्या वापरानंतर

वॉटर स्कीइंगच्या हातमोज्यांची वर्णने वाचली, तर सगळा भर कापडावर असतो: तळव्याला अमारा (कृत्रिम चामडे) आहे की केवलार (मजबूत कृत्रिम धाग्याचे कापड), पाठीवर निओप्रीन (फोमसारखे रबर) आहे की जाळी. एकाच नमुन्याचे दोन जोड, एक उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे येणाऱ्या मापाचा आणि दुसरा त्याहून एका मापाने लहान, हंगामभर आलटूनपालटून वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की कापड ही दुय्यम गोष्ट आहे. हातमोजा तळव्याला किती चिकटून बसतो, यावरच बाकीचे बहुतेक सारे ठरते.

याचे कारण पकडीत आहे. पुढे धावणाऱ्या नौकेची सगळी ओढ स्कीअरपर्यंत पोहोचते ती दोरीच्या टोकाला असलेल्या, सुमारे अडीच सेंटीमीटर जाडीच्या, रबर चढवलेल्या एका आडव्या दांडीतून. (1922 मध्ये मिनेसोटातील लेक पेपिनवर या खेळाचा जनक मानला जाणारा राल्फ सॅम्युएलसन स्कींवर पाण्यावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या दोरीच्या टोकाला लोखंडी कडे होते, त्या मानाने आजची दांडी म्हणजे चैनच.) हातमोजा घातला की या ओढीला दोन ठिकाणी घर्षणाचा आधार लागतो: दांडीचे रबर आणि हातमोज्याचा तळवा यांच्यामध्ये, आणि हातमोज्याची आतली बाजू आणि आपली ओली कातडी यांच्यामध्ये. पहिला आधार बहुतेक हातमोज्यांत पुरेसा असतो. सैल हातमोज्यात दगा देतो तो दुसरा. दांडी हातमोज्यात घट्ट राहते, पण हात हातमोज्याच्या आत सरकतो. मग तळव्यावर चुण्या पडतात, त्या चुण्या बोटांच्या मुळाशी कातडीवर घासतात आणि तिथेच फोड येतात. शिवाय हात सरकू नये म्हणून आपण नकळत मूठ अधिक जोराने आवळतो, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू लवकर भरून येतात. मोठ्या जोडाने स्की केल्यावर पायांच्या आधी हात थकत असत. लहान जोडाने तसे झाले नाही.

माप घेताना अंगठा वगळून, बोटांच्या सांध्यांवरून तळव्याभोवती फीत फिरवावी आणि ज्या हाताने आपण अधिक काम करतो त्याच हाताचे माप धरावे. मात्र एवढ्यावर थांबू नये. तळव्याचा घेर सारखा असलेल्या दोन माणसांची बोटे सारख्या लांबीची असतीलच असे नाही, म्हणून मधल्या बोटाची लांबीही मोजावी. मापाचे अक्षर (S, M, L) एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर बदलते. त्यामुळे अक्षराऐवजी त्या उत्पादकाच्या तक्त्यातील सेंटीमीटर पाहावेत.

हातमोजा घालून पाहताना पंजा उघडा ठेवून काहीच कळत नाही. चांगल्या हातमोज्यांची बोटे मुळातच आतल्या बाजूला वळवून शिवलेली असतात, त्यामुळे पंजा पूर्ण उघडल्यावर ते आखूड वाटतात आणि ग्राहक मोठ्या मापाकडे वळतो. त्याऐवजी दांडीच्या जाडीची एखादी गोल काठी मुठीत धरावी, दुसऱ्या कोणाला ती ओढायला सांगावे, आणि ओढ चालू असताना हाताकडे पाहावे. तळव्याच्या मध्यभागी कापड गोळा होता कामा नये. बोटांच्या टोकांना रिकामी जागा जवळजवळ नसावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचकीत कापड टेकलेले असावे, पण ताणलेले नसावे. काठी मुठीत थोडी फिरवून पाहिली, की तळव्याचे कापड तिच्याबरोबर फिरते की हाताबरोबर राहते, हे लगेच लक्षात येते.

घट्टपणालाही मर्यादा आहे. मूठ पूर्ण मिटत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा बेचक्यांतील शिवणी पांढऱ्या दिसेपर्यंत ताणल्या जात असतील, तर ते माप लहानच आहे. असा हातमोजा आधी बेचकीत उसवतो. पण कोरडा असताना किंचित अडचण वाटणे आणि घालायला थोडा वेळ लागणे, हे मी दोष मानत नाही. पाण्यात भिजून आणि ओढ सोसून तळवा थोडा सैलावतोच. नैसर्गिक चामडे भिजल्यावर अधिक ताणते आणि वाळल्यावर कडक होते. अमारासारखे कृत्रिम चामडे त्या मानाने कमी ताणते आणि वाळल्यावरही मऊ राहते. माझा लहान जोड सुरुवातीला कष्टानेच चढत असे. काही आठवड्यांनी तो हाताला नेमका बसू लागला आणि हंगाम संपेपर्यंत तसाच राहिला. मोठा जोड पहिल्या दिवशी सुखद होता. आता तो दोन स्कींवर संथपणे फिरण्यापुरता उरला आहे.

स्लालम, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना (खुणेच्या गोळ्यांना) आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी वळसे घालत जाण्याचा प्रकार, करणाऱ्यांना हा फरक अधिक जाणवेल. सहा बोयांच्या त्या मार्गावर नौकेचा वेग पुरुषांसाठी ताशी 58 किलोमीटर आणि स्त्रियांसाठी 55 किलोमीटर या कमाल मर्यादेपर्यंत वाढत जातो, आणि तिथून पुढे काठिण्य वाढवायचे ते दोरी आखूड करून: 18.25 मीटरवरून 16, मग 14.25, 13, 12 आणि त्याहूनही कमी. बोयाभोवती वळताना एक हात दांडी सोडतो आणि वळण संपताच तिच्यावर परत यावा लागतो. बोटांच्या टोकांशी लोंबणारे रिकामे कापड त्या क्षणी दांडी आणि बोटे यांच्यामध्ये येते, आणि ओढ येण्यापूर्वी पकड नीट करायला वेळ उरत नाही.

पकडीमुळे आणखी एक गोष्ट दिसली. एक तळहात वर आणि दुसरा खाली अशा पकडीत दोन्ही हातांवर भार सारखा पडत नाही, म्हणून दोन्ही हातमोजे सारखे झिजत नाहीत. परंतु झीज कशी आहे, यावरून माप पारखता येते. लहान जोडाच्या तळव्यावर बोटांच्या मुळाशी एक सलग, एकसारखा गुळगुळीत पट्टा तयार झाला आहे. मोठ्या जोडावर मात्र दोन-तीन वेगळ्या रेघा आहेत. जिथे चुणी पडत असे तिथेच कापड विरले आहे आणि शेजारची शिवण सुटू लागली आहे. जुना जोड टाकून देण्यापूर्वी त्याचा तळवा अवश्य पाहावा. नव्या जोडाचे माप ठरवायला तक्त्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो.

तळव्यात बोटांच्या मुळाशी आडवी दांडी शिवलेले हातमोजेही मिळतात. ती शिवलेली दांडी मुठीतल्या दांडीमागे अडकते आणि बोटांवरचा भार कमी करते. लांब सरावासाठी त्यांचा फायदा आहे, पण त्यांत माप चुकले तर शिवलेली दांडी नको तिथे बसते आणि सगळा हेतूच फसतो. पडताना हात झटकन सुटणे आवश्यक असल्याने नवशिक्यांनी ते घेऊ नयेत, असे माझे मत आहे. आतून घालायची, फक्त तळवा झाकणारी पातळ अस्तरे वापरणार असाल, तर ती घालूनच माप पाहावे.

मनगटाच्या पट्ट्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पट्टा सोडल्यावर हातमोजा तळव्यावर ढिला पडत असेल, तर तो मोठा आहे. पट्टा आवळून ती उणीव भरून निघत नाही. ठेवताना वेल्क्रो बंद करावा, नाहीतर तो निओप्रीनवरच्या कापडाचे धागे ओढतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे पुरेसे आहे. घट्ट ओला हातमोजा एका हिसक्यात उपसू नये. एकेक बोट थोडे थोडे सैल करत काढावा, म्हणजे आतले अस्तर उलटे होत नाही.

लहान जोडाची उजव्या तर्जनीजवळची शिवण आता थोडी ताणलेली दिसते, आणि ती तळव्यामुळे नव्हे तर बोटाच्या लांबीमुळे. पुढचा जोड घेताना तळव्याचा घेर हाच ठेवून बोटे किंचित लांब असलेला नमुना मी शोधणार आहे.