पेपर पीसिंग शिकायचंय? पट्टी घ्या, किट राहू द्या

गोधडीसाठी (क्विल्टसाठी) कापडाचे चौकोन-त्रिकोण जोडून हात बसलाय आणि आता फाउंडेशन पेपर पीसिंग, म्हणजे छापील कागदावर तुकडे शिवत डिझाइन जोडणं, करून बघायचंय, अशांसाठी लिहितेय. मी दोन गोष्टी घेतल्या. एक अ‍ॅड-अ-क्वार्टर नावाची पट्टी, १२ इंची, आणि दुसरं एका ऑनलाइन दुकानाचं "बिगिनर किट". पट्टीला पाचपैकी पाच. किटला दोन, तेही त्यातला कागद बरा होता म्हणून.

पट्टीचं कौतुक कशाला एवढं ते कळायला पद्धत थोडी सांगावी लागेल. डिझाइन कागदावर छापलेलं असतं, प्रत्येक भागाला नंबर. कापड जातं कागदाच्या कोऱ्या बाजूला आणि टीप मारायची छापील बाजूने, रेघेवरून. १ नंबरचा तुकडा सुलट बाजू वर ठेवून चिकटवायचा (साधी ग्लू स्टिक चालते), २ नंबरचा त्यावर सुलटाला सुलट, कागद पालथा करून रेघेवर टीप, मग तुकडा उघडून इस्त्री, की पुढचा नंबर. कापड मापात कापायची भानगडच नाही, रेघ सांगेल तिथे टीप, त्यामुळे मरिनर्स कंपाससारख्या (होकायंत्रासारख्या, टोकदार किरणांच्या) डिझाइनची टोकंसुद्धा टोकदारच येतात. फक्त ब्लॉक (म्हणजे जोडून तयार झालेला डिझाइनचा एक चौकोन) छापील चित्राच्या उलटा तयार होतो, अक्षरं-बिक्षरं करणार असाल तर आधीच उलटी छापून घ्या.

आता खरी मेख मायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडायच्या कापडात आहे. प्रत्येक टिपेनंतर पुढच्या रेघेवर कागद मागे दुमडायचा (रेघेवर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद धरला की घडी सरळ पडते), घडीच्या बाहेर जे कापड लोंबतं त्यातलं पाव इंच ठेवून बाकी कापायचं, आणि पुढच्या तुकड्याची कड त्या कापलेल्या कडेला भिडवायची. साध्या पट्टीने होतं हे, नाही असं नाही, पण ती कागदावर सरकते, मग एका टोकाला पाव इंच आणि दुसऱ्या टोकाला त्याहून कमी. या पट्टीला खालून एक पायरी आहे, ती कागदाच्या घडीला अडकते आणि पट्टी बरोब्बर पाव इंच पुढे येऊन थांबते, की रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) फिरवा. मोजायचं काही नाहीच. माया नीट कापली की पुढचा तुकडा कुठे ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही, आणि नवीन माणूस अडतो तो नेमका तिथेच.

किटचं मात्र काय सांगू. पॅटर्न अमेरिकन लेटर साइझचे, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, आणि यांनी ते "फिट टू पेज" करून ए-४ वर छापलेले, ए-४ रुंदीला कमी असतो त्यामुळे सगळं आक्रसलं. पानावर १ इंचाचा टेस्ट चौकोन असतो तो पट्टीने मोजला तर इंच भरेना. ब्लॉक बनतो हो, पण दुसऱ्या कुठल्या ब्लॉकला जोडायला गेलात की मापं जुळत नाहीत. घरी प्रिंट काढणार असाल तर "अ‍ॅक्च्युअल साइझ", १०० टक्के, आणि चौकोन मोजल्याशिवाय शिवायला बसू नका. शिवाय किटमधले कापडाचे तुकडे इतके जेमतेम की तिरका तुकडा उघडला की कोपरा उघडाच पडतो. या कामात कापड सढळ हातानेच घ्यावं लागतं, थोडं वाया जातं, जाऊ दे.

त्यापेक्षा वेगवेगळं घ्या. केम्ब्रिक किंवा पॉपलिन मस्त. रुबिया पण चालतं, पण फिक्या रंगाखालून गडद रंगाची माया दिसते. कागद न्यूजप्रिंटसारखा पातळ हवा, झेरॉक्सचा कागद शेवटी फाडून काढताना टाके ओढले जातात. सुई १४ नंबर आणि टाका बारीक, दीड मिलिमीटर (दांडीवाल्या जुन्या मशीनवर चिंधीवर टीप मारून मोजा, इंचाला १७-१८ टाके आले पाहिजेत), म्हणजे कागदाला नीट भोकं पडतात आणि तो सहज फाटतो, पण उसवायची वेळ आली तर मात्र देव आठवतो. इस्त्री कोरडी, वाफ नको, वाफेने कागद आक्रसतो. आणि शेजारचे ब्लॉक जोडून होईपर्यंत कागद फाडायची घाई करू नका, नाहीतर तिरक्या कडा ताणल्या जातात.

पट्टी ६ इंचीही मिळते, छोटे ब्लॉक करणार असाल तर तीच घ्या, हाताळायला सोपी आणि स्वस्तही. मी १२ इंची घेतली कारण मला उशीच्या अभ्र्याएवढे ब्लॉक करायचे होते, एवढ्या लांब रेघेवर छोटी पट्टी मधेच उचलून परत लावावी लागते.