वायर कोणी काढली? ऑनलाइन खेळावं की एका खोलीत बसून

दुसरा कंट्रोलर घेऊन घरात शेजारी बसून खेळावं, की त्याच पैशात ऑनलाइन खेळायचं सबस्क्रिप्शन भरावं, असं परवा ऑफिसातल्या एकानं विचारलं. घरात पीएस ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, येऊन पडलाय, बायको विचारतेय अजून किती खर्च आहे, आणि हा अडलाय. मी दोन्ही करून बसलोय, त्यामुळे माझं मत सांगतो. घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी ऑनलाइनची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. माझा आतेभाऊ हिंजवडीत असतो आणि मी सांगलीत, विश्रामबागला. चार वर्षं झाली, दर गुरुवारी रात्री दहाला आम्ही फुटबॉल खेळतो. हे नसतं तर आमची गाठ फक्त लग्नाकार्यात पडली असती, तीही जेवणाच्या पंगतीत. शिवाय माझ्या ओळखीत हौसेनं खेळणारी माणसं तीनच, त्यातला एक रात्रपाळीला. ऑनलाइन मात्र रात्री एकलाही कोणीतरी भिडू सापडतोच. आणि ज्यांना फक्त फोर्टनाइटसारखे फुकटातले गेम खेळायचेत, त्यांना प्लेस्टेशनवर सबस्क्रिप्शनही लागत नाही. त्यांनी इथून पुढं वाचलं नाही तरी चालेल.

लॅगबद्दल, म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावर घडणं यात इंटरनेटमुळं पडणाऱ्या उशिराबद्दल, लोक फार घाबरवतात. फुटबॉलमध्ये थोडं मागंपुढं झालं तर चालून जातं. मारामारीच्या गेमचं तसं नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, आणि फटका अडवला की खाल्ला याचा निकाल तेवढ्या चिमटीत लागतो. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत गेम तुमचंही बटण थांबवून ठेवायचा, त्यामुळे सगळं पाण्यात चालल्यासारखं वाटायचं. आता ‘टेकन ८’, ‘स्ट्रीट फायटर ६’ यांत रोलबॅक आहे. समोरचा काय दाबेल ते गेम आधी गृहीत धरतो आणि चुकलं तर मागं जाऊन गुपचूप दुरुस्त करतो. राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल टाकली तर माझ्याकडं ‘टेकन’ बऱ्यापैकी चालतं. वायफायवर नाही. हे काही मी मोजलेलं नाही, अंगठ्याला कळतं तेवढंच.

तर लॅगनं माझं मत फिरवलं नाही. फिरवलं ते गणपतीच्या मिरवणुकीनं.

आमची इंटरनेटची वायर खांबावरून शेजारच्या गच्चीवर, तिथून आमच्या गॅलरीत येते. मिरवणुकीत मंडळाचा ट्रॅक्टर आला की एक पोरगं टपावर चढून आडवी काठी बांधलेल्या बांबूनं वायरी वर उचलतं आणि खालून देखावा सरकतो. त्या रात्री सामना ८७ व्या मिनिटाला होता, मी २-१ नं पुढं. बाहेर ढोल वाजत होता, मी खिडकी लावून घेतलेली. पोरानं तीन वायरी उचलल्या, चौथी राहिली. टीव्हीवर माणसं जागच्या जागी पळायला लागली, मग संदेश आला: कनेक्शन तुटलं. निकाल? मी सामना सोडला म्हणून हार माझ्या नावावर.

हरण्याचं एवढं नाही वाटलं. पण पाच मिनिटांत आतेभावाचा मेसेज आला, “वायर काढलीस ना लेका?” मी म्हटलं, पुढं होतो मी, मी कशाला काढू? तर म्हणे, “शेवटच्या तीन मिनिटांत तू कायम गोल खातोस, तुला माहितीय.” मी मोबाइलवरून लोंबणाऱ्या वायरचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: “कुठल्या वर्षीचा आहे?” वायर जोडायला माणूस चौथ्या दिवशी आला, आणि तोवर हे सगळ्या भावंडांच्या ग्रुपवर गेलं होतं. काकूनंसुद्धा मत दिलं, माझ्या विरोधात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय ते हे. ऑनलाइन हरलो तर मी हरलो की लाइन हरली, हे मलाच नीट कळत नाही. जिंकलो तरी समोरच्याला कळत नाही. दोघांच्याही खिशात एक कारण कायम तयार असतं.

मे महिन्यात भाचा इस्लामपूरहून येतो. बारावीचा पोरगा, माझ्यापेक्षा बरा खेळतो. एकदा ऐन सामन्यात लाईट गेली. दोघांच्या डोळ्यादेखत गेली, पंखाही थांबला, खालच्या गिरणीचा आवाजही थांबला. कोणी कोणावर संशय घ्यायचा? भडंगाची पिशवी फोडली आणि लाईटची वाट बघत बसलो.

पेनल्टी शूटआउटला तर तो स्क्रीनकडं बघतच नाही, माझ्या डाव्या अंगठ्याकडं बघतो. स्टिक कुठं वळते ते दिसलं की गोलकीपर तिकडं. पहिल्यांदा पाच झिरो हरल्यावर मला कळलं. आता मी कंट्रोलर उशीखाली धरतो. तर परवा म्हणाला, “मामा, उशी ठीक आहे ओ, पण तुमचा खांदा डावीकडं जातोय की.” ही चीटिंग आहे का, यावर आमचं अजून एकमत नाही. पण भांडण जागेवर सुटतं, ग्रुपवर जात नाही.

अर्थात एका खोलीतल्या खेळाच्या अडचणी मी झाकून ठेवणार नाही. एक तर आठ ते साडेनऊ टीव्ही आपला नसतो. कंट्रोलर स्वस्त नाही, पीएस ५ चा भारतात आला तेव्हाच ५,९९० रुपयांना होता. आणि मोठी अडचण म्हणजे असे गेम कमी होत चाललेत. अर्ध्या-अर्ध्या स्क्रीनवर दोघांना खेळवायचं तर यंत्राला तेच जग दोनदा रंगवावं लागतं, आणि नवे गेम आधीच जड. २०१५ च्या एक्सबॉक्सवरच्या ‘हेलो ५’ नं ही अर्ध्या-अर्ध्या स्क्रीनची सोय, म्हणजे स्प्लिट-स्क्रीन, काढून टाकली. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ एक्सबॉक्सवर उशिरा आला तोही सिरीज एस या एक्सबॉक्सच्या स्वस्तातल्या मॉडेलवर स्प्लिट-स्क्रीन जमेना म्हणून, आणि शेवटी त्या मॉडेलवर ती सोय सोडूनच आला; ती तिथं मिळाली २०२५ मध्ये. तेव्हा सिरीज एस घेऊन घरात चौघं बसायचा बेत असेल तर आधी एकेका गेमची माहिती तपासा. खेळाडूंचा आकडा आणि ऑनलाइन खेळाडूंचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, पहिला बघा. टीव्हीचा गेम मोडही चालू करा, त्यानं बटण दाबल्यावर चित्र दिसायला होणारा उशीर कमी होतो. आमच्याकडं तो सहा महिने बंद होता आणि आम्ही उगाच कंट्रोलरला शिव्या देत होतो.

मधला मार्गही आहे. ‘इट टेक्स टू’ दोघांशिवाय चालतच नाही, पण एकानं विकत घेतला तर दुसरा ऑनलाइन फुकटात जोडीला येऊ शकतो. प्लेस्टेशनचं शेअर प्ले वापरलं तर एका खोलीसाठी केलेला गेमही लांबच्या मित्राबरोबर खेळता येतो, एका वेळी तासभर. आम्ही करून बघितलं. चित्र मात्र माझ्या लाइनवर अवलंबून, म्हणजे पुन्हा तीच वायर.

सगळे दोस्त पुण्या-मुंबईला गेले असतील तर सबस्क्रिप्शन भरा, मीही भरतोच. पण हाकेच्या अंतरावर एक जरी खेळणारा असेल तर, मला विचाराल तर, आधी दुसरा कंट्रोलर.

आतेभाऊ दिवाळीला येतोय. त्याला म्हटलं, येताना तुझा कंट्रोलर आण, माझ्या दुसऱ्याची डावी स्टिक आपोआप वर सरकते. लगेच उत्तर आलं: “आत्तापासूनच कारणं शोधायला लागलास होय?”