वस्तीतला सिगरेट सोडवणारा मोफत गट, माझा अनुभव

दादा आमच्या वस्तीतल्या गटात जातो, मी पण बऱ्याचदा सोबत बसते, म्हणून लिहितेय. सगळ्यात आवडलं ते म्हणजे तिथे कोणी लेक्चर झोडत नाही. चालवणारे बहुतेक वस्तीतलेच, स्वतः सिगरेट सोडलेले, त्यामुळे डबल शिफ्ट करून आलेल्या माणसाला तलफ का येते हे त्यांना समजावत बसावं लागत नाही. वेळही संध्याकाळची, कारण सकाळी दवाखान्यात रांग लावायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, मग कोण जाणार? गरीबांना सोडायचीच नसते असं लोक सर्रास बोलतात ते साफ चूक आहे, प्रयत्न तेही करतात, पण आजूबाजूला सगळे ओढणारे, डोक्यावर कर्ज आणि मदत हाताशी नाही, म्हणून टिकत नाही.

पहिलाच प्रश्न विचारतात, उठल्यावर किती वेळात पेटवता? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅमची निकोटीन गम (तलफ कमी करणारं औषधी च्युइंगम), नाहीतर २ ची. आणि ती खायची कशी ते समोर बसवून शिकवतात, हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, ओसरल्या की परत चावायची. दादा आधी साध्या च्युइंगमसारखी भराभर चावायचा, उचक्या आणि मळमळ व्हायची म्हणून गमच बंद केली होती त्याने. खूप ओढणाऱ्यांना पॅच (अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि गम दोन्ही सोबत देतात. शिवाय फुंकायचं मशीन आहे, श्वासातला कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे सिगरेटच्या धुरातला विषारी वायू, किती ते दाखवतं, सोडल्यावर एक-दोन दिवसातच आकडा खाली येतो आणि तो बघून माणसाला जो हुरूप येतो ना तो पोस्टर लावून येत नाही.

मधे परत ओढली तरी ओरडत नाहीत, कुठे, कोणासोबत, कशामुळे एवढंच विचारतात आणि नवीन तारीख ठरवतात. पहिला आठवडा सगळ्यात जड जातो, तेव्हा रोज फोन करतात हे फार मोठं आहे.

तक्रार एकच पण मोठी. गम-पॅच मधेच संपतात. कोर्स साधारण दोन-तीन महिन्यांचा, आणि इथे देणगी आली तर माल, नाहीतर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतलीत, मग ती सरकारी दवाखान्यातून कायम मिळायला हवीत ना. आणि बायकांची वेगळी बॅच सुरू करा प्लीज, लपून ओढणाऱ्या बऱ्याच आहेत, सगळ्यांसमोर यायला त्या तयार होत नाहीत.